हिवाळेबाईंचा ट्रंपेटवाला

“तो शेवटचा सूर पुन्हा वाजव,” असं म्हणत कुणीतरी माझ्या कोपरावर छत्रीची मूठ ठोकली.

वरात ऐन रंगात होती. नवरदेवाचे मित्र रस्त्यावर लोळण घेऊन नाचत होते, तात्या मोठा ढोल बडवत होता आणि मी गाल फुगवून वरच्या पट्टीत एक सूर धरून ठेवला होता. वळून पाहिलं तर पांढऱ्या सुती साडीतल्या, साठी ओलांडलेल्या एक बाई. पायात कॅनव्हासचे बूट. भर डिसेंबरात हातात छत्री.

“बाई, बाजूला व्हा. धक्का लागंल.”

“लागू दे. किती वेळ धरतोस तू तो सूर?”

“मोजला नाय कधी.”

“मी मोजला, आमच्या गॅलरीतून. बावीस सेकंद. वाजव पुन्हा.”

त्या टळाव्यात म्हणून मी वाजवला. बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या. नाचणाऱ्यांना वाटलं हे त्यांच्यासाठीच आहे, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

“नाव काय?”

“सुखदेव वैरागर.”

“उद्या सकाळी आठला चर्चमागच्या पिवळ्या बंगलीत ये. हिवाळेबाईंचं घर म्हण, कुणीही दाखवेल. आणि हे घेऊन ये,” म्हणून त्यांनी छत्रीच्या टोकानं माझा ट्रंपेट दाखवला आणि नाचणाऱ्या पोरांमधून वाट काढत निघूनही गेल्या.

ही एक्क्याऐंशी सालची गोष्ट. नगरमध्ये आमच्या घरचा ब्रास बँड होता. तात्या म्हणजे माझा चुलता, बँडचा मालक. माझे आईबाप लहानपणीच गेले, मला त्यानंच वाढवलं, ट्रंपेटही त्यानंच हातात दिला. मी बावीस वर्षांचा होतो, रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं संध्याकाळी वरातीत वाजवायचो. अक्षरओळख सातवीपर्यंतची. सुरांनाही अक्षरं असतात हे माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी मी गेलो ते कुणाच्या तरी लग्नाची ऑर्डर असेल असं समजून. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि ग्रामोफोनवर एक काळी तबकडी चढवली.

“बोलू नकोस. ऐक.”

आधी वाद्यांचा एक घोळका उठला. मग एका पुरुषाचा खर्जातला आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा. आणि त्याच्यावर ट्रंपेट. मी कपातला चहा विसरलो. असा ट्रंपेट मी जन्मात ऐकला नव्हता. तो ओरडत नव्हता. जिन्याच्या पायऱ्यांवरून एखादं पोरगं दोन-दोन पायऱ्या चढत पळावं तसा तो वर जायचा, वर जाऊन थांबायचा, खर्जातला माणूस त्याला काहीतरी विचारायचा, तो उत्तर द्यायचा, आणि मग दोघं मिळून पळायचे.

गाणं संपलं. मी म्हणालो, “परत लावा.”

बाई पहिल्यांदा हसल्या. “आवडलं?”

“कोण वाजवतंय?”

“ते मला माहीत नाही, तबकडीवर छापलेलं नाव कधीच पुसलं गेलं. पण रचलं ते एका जर्मन माणसानं, जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वी. राजा येतो आहे, असा अर्थ आहे. शब्द मी मराठीत बसवलेत. येत्या रविवारी चर्चमध्ये आमच्या चाळीस जणांच्या गायकवर्गाचा नाताळचा कार्यक्रम आहे, त्यात हे गाणं आहे. तीस वर्षांत दर नाताळाला मी हे गाणं ट्रंपेटशिवाय केलं. ट्रंपेटच्या जागी ऑर्गन. म्हणजे लग्न लावायचं आणि नवरदेवाच्या जागी पाट मांडायचा. यंदा पुण्याचा एक वाजवणारा कबूल झाला होता. काल तार आली, स्कूटरवरून पडला, हात प्लास्टरमध्ये आहे.”

“म्हणजे मी?”

“म्हणजे तू.”

“बाई, रविवारी सातला आमची वरात आहे.”

“कार्यक्रम पाचचा. तुझं गाणं साडेपाचला. सहाला तू मोकळा.”

मी तात्याला सांगितलं तेव्हा तो ढोलाची दोरी ताणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “सातला माळीवाड्याच्या वेशीपाशी उभा दिसला पाहिजेस. सात म्हंजे सात. नाय दिसलास तर परत बँडमधी तोंड दाखवू नको.”

*

त्या चार दिवसांत मी घरी फक्त जेवायला आणि झोपायला गेलो. बाई तबकडीवर सुई ठेवायच्या, मी एक तुकडा ऐकायचो, वाजवायचो, पुन्हा ऐकायचो. गुरुवारी खर्जवाले आले. आमोस भांबळ, मिशनच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर, चांगला सहा फूट उंच माणूस. घसा साफ केला तरी खिडकीची तावदानं थरथरायची. आम्ही दोघांनी सुरुवातीचा तुकडा पहिल्यांदा एकत्र घेतला, आणि संपल्यावर ते कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

“सुखदेव, तू वाजवायला लागलास की लोकांना माझं नुसतं तोंड हलताना दिसेल बघ.”

“काका, मला हळू वाजवायची सवय नाय. रस्त्यावर हळू वाजवलं तर कोण ऐकणार?”

“इथं रस्ता नाही,” बाई म्हणाल्या. “इथं भिंती आहेत. भिंतीला नुसतं बोट लाव, ती पुढं सांगते.”

मी हळू फुंकायला लागलो तर सूर फाटायचा. ओठ सुजले. बाईंनी कोमट पाण्यात मीठ घालून दिलं आणि मी गुळण्या करत असताना त्या बोलत बसल्या.

“ज्यानं हे पहिल्यांदा वाजवलं ना, त्याच्या ट्रंपेटला ही बटणंच नव्हती. नुसती पितळेची नळी. सगळे सूर ओठांवर. त्या काळचे ट्रंपेटवाले राजाच्या पदरी असायचे. लाल कोट, सोनेरी गोंडे. घोड्यांच्या पुढं वाजवत जायचे.”

“म्हंजे वरातीतच की!”

बाई पोट धरून हसल्या. भांबळकाकाही हसले. “हो रे, वरातीतच,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “आणि या रचणाऱ्यानं त्यांना वरातीतून उचलून देवळात आणून बसवलं.”

शुक्रवारी घोळ लक्षात आला. मी सगळं जसंच्या तसं वाजवत होतो, भांबळकाका पुस्तकात बघून गात होते, आणि एका जागी मी त्यांच्या पुढं निघून जायचो. तीनदा असं झालं.

“तू मधलं खाल्लंस,” काका म्हणाले.

“काका, तबकडीत हाय तेच वाजवतोय. एक सूर नाय सोडला.”

बाईंनी तबकडी उचलून उजेडात धरली. केसाएवढा ओरखडा. तिथं सुई उडी मारत होती. तीस वर्षं बाई ती तबकडी ऐकत होत्या आणि ती उडी त्यांना इतकी सवयीची झाली होती की जाणवतही नव्हती. बाईंनी पुस्तक उघडून मला दाखवलं. आडव्या पाच रेघा, त्यांना उभ्या रेघांनी पाडलेली घरं, घरांत काळे ठिपके.

“ही चार घरं उडतात. गाण्याचं आणि ऑर्गनचं माझ्या पुस्तकात आहे. ट्रंपेटचं नाही. ट्रंपेटचे कागद त्या पुण्याच्या माणसाकडे आहेत.”

“मग मी तिथं काय वाजवू?”

बाईंनी चष्मा काढला. “तुला काय सुचतं?”

त्या रात्री मला झोप आली नाही. शनिवारी सकाळी मी त्यांना ऐकवलं. चार घरांत मावेल असा एक तुकडा मी रचला होता. खालून उसळी मारून वर जाणारा, वर एक गिरकी घेणारा आणि थेट पुढच्या उंच सुरात जाऊन मिळणारा. त्यात आमच्या बँडचा थोडा नखरा होता, पण बसला होता चपखल. भांबळकाकांनी टाळीच वाजवली. बाईंनी पुस्तकातल्या त्या चार घरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “छान आहे. असंच कर.”

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच काहीतरी स्वतः रचलं होतं. सायकलवरून घरी जाताना मी तेच तोंडानं वाजवत होतो. रस्त्यातली माणसं वळून बघत होती.

*

रविवारी मी बँडचा लाल कोट घालूनच गेलो, कारण तिथून थेट वरातीला पळायचं होतं. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळेची बटणं. बाकी सगळे पांढऱ्या कपड्यांत. कमिटीतले एक गृहस्थ बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, पण मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं, “बाई, बँडवाल्याला वर सज्जात गायकांबरोबर बसवणार? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतील ते आपण साडेसहाला ऐकू,” बाई म्हणाल्या. “तुम्ही वाजवता का? मग त्याला उतरवते.”

गृहस्थ निघून गेले. बाईंनी माझी झालर सरळ केली.

पाच वाजले, सव्वापाच झाले. प्रमुख पाहुणे यायचे होते. चर्च खच्चून भरलेलं, खुर्च्या संपल्या, लोक भिंतींना टेकून उभे. साडेपाच झाले. मी दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. पावणेसहाला पाहुणे आले आणि भाषणाला उभे राहिले. ते बोलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं वेशीपाशी उभा असलेला तात्या दिसत होता.

त्याच वेळी एक मुलगी बाजूच्या दारातून आत आली, बाईंना एक पाकीट देऊन गेली. पुण्याच्या ट्रंपेटवाल्याची बहीण. एसटीनं आली होती. भावानं ट्रंपेटचे कागद पाठवले होते, कुणी वाजवणारा मिळाला तर उपयोगी पडतील म्हणून.

बाईंनी कागद उलगडले. बोट ओळीवरून फिरवत एका जागी थांबल्या. मग मला खुणेनं मागच्या खोलीत बोलावलं.

“सुखदेव, ती चार घरं सापडली.”

मी कागदावर वाकलो. “काय आहे त्यात?”

“काही नाही.”

“म्हंजे लिहायचं राहिलं?”

“नाही. लिहिलेलं आहे.” त्यांनी बोट ठेवलं. प्रत्येक घरात रेघेला लटकलेली एक काळी चौकट होती, बाकी काही नाही. “या खुणेचा अर्थ गप्प राहा. त्यानं ट्रंपेटवाल्याला तिथं चार घरं गप्प बसवलंय.”

“आणि माझा तुकडा?”

बाहेर पाहुण्यांचं भाषण चालूच होतं.

“बाई, मी रात्रभर जागलोय त्याच्यासाठी. तुम्ही म्हणालात छान आहे.”

“छानच आहे. खोटं नाही बोलले मी.” त्यांनी कागद घडी करून पाकिटात ठेवले. “मी तुला अडवणार नाही. त्यानं काय लिहिलंय ते तुला सांगणं माझं काम होतं. आता वर गेल्यावर तुला जे वाटेल ते कर.”

मला त्यांचा राग आला. साफ नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही बँडवाले, आमचा सगळा धंदाच न थांबण्याचा. वरातीत ट्रंपेट दोन क्षण थांबला तरी लोक ओरडतात, “काय झोपलास का रं?” आणि इथं इतकी माणसं बसलेली, ती कमिटी बसलेली, आणि मी हातात ट्रंपेट धरून मुक्यासारखा उभा राहू? वाजवायचंच, असं ठरवून मी वर गेलो.

आमचं गाणं सुरू झालं तेव्हा सात वाजायला नऊ मिनिटं कमी होती.

ऑर्गन सुरू झाला. बाई पायानं भाता मारत, मानेनं सगळ्यांना इशारे देत होत्या. मान माझ्याकडे वळली आणि मी पहिला सूर लावला. अगदी हळू, भिंतीला बोट लावल्यासारखा. भिंतीनं तो घेतला आणि वर छतापर्यंत नेला. भांबळकाका सुरू झाले. त्यांचा आवाज माझ्या पायांतून वर चढत होता. त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं. ते पळाले, मी पळालो. ओठ दुखत नव्हते, छाती दुखत नव्हती, मी काही आठवतही नव्हतो, बोटं आपोआप पडत होती. काका गाता गाता माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसत होते. एका ठिकाणी तर मला खरंच मोठ्यानं हसू येईल की काय अशी भीती वाटली.

आणि ती जागा आली.

मी श्वास भरून घेतला होता. बोटं बटणांवर होती. तुकड्याचा पहिला सूर जिभेच्या टोकावर होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम खाली मान घालून वाजवत होत्या.

मी वाजवलं नाही.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ठरवून नाही झालं ते. ट्रंपेट थांबला, आणि थांबल्याबरोबर काकांचा आवाज एकटा उरला. चार दिवस मी त्यांच्याबरोबर वाजवत होतो, पण त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आता तो विहिरीसारखा नव्हता. म्हातारा, जरासा थकलेला, पण वाट बघणारा आवाज होता. पहिलं घर गेलं. दुसरं गेलं. मी खाली बघितलं. माणसांनी भरलेलं चर्च, कुणी खोकत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. तिसऱ्या रांगेतली एक बाई हातातलं मूल थोपटायची थांबली होती. सगळे वर बघत होते. माझ्याकडे. मी वाजवत नव्हतो आणि तरी सगळे मलाच ऐकत होते.

मी सहा वर्षं रोज वाजवत आलो होतो. माझ्यासाठी कुणी कधी गप्प बसलं नव्हतं.

चौथं घर संपलं आणि मी तो उंच सूर लावला. तो कसा आला ते मला माहीत आहे, कारण भांबळकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांचा पुढचा शब्द हलला.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. आधी एक मोठा श्वास ऐकू आला, सगळ्या चर्चचा मिळून एक. मग छप्पर उडेल असा आवाज झाला. बाई ऑर्गनवर दोन्ही हात ठेवून तशाच बसून होत्या. मी जिन्याकडे पळालो. मागून काकांनी हाक मारली, “अरे थांब, खाली वाक तरी जरा लोकांपुढं!” पण घड्याळात सात वाजून गेले होते.

*

स्टेशन रोडवरून मी सायकल कशी मारली मला ठाऊक नाही. ट्रंपेट पाठीला बांधलेला, लाल कोट उडतोय. वेस अजून लांब होती तेव्हाच बँड ऐकू आला, आणि त्यात ट्रंपेट ऐकू आला. मी चमकलो. ट्रंपेटवाला तर मी एकटाच.

जवळ जाऊन बघतो तर तात्या वाजवत होता. त्याचे पुढचे दात सहा वर्षांपूर्वी पडले, तेव्हापासून त्यानं ट्रंपेट सोडून ढोल घेतला होता. दात नसले की ओठाला आधार राहत नाही. आज गाडीतल्या पेटीतला जुना ट्रंपेट काढून तो सातपासून वाजवत होता. खालचा ओठ फुटून हनुवटीपर्यंत रक्त आलं होतं. मोठा ढोल गंगाराम झांजवाला कसाबसा सांभाळत होता.

तात्यानं मला बघितलं. ट्रंपेट खाली केला, गंगारामकडून ढोल घेतला आणि मानेनं खूण केली, वाजव.

मी वाजवलं. मांडव येईपर्यंत एकदाही थांबलो नाही. नवरदेवाच्या मित्रांनी मला खांद्यावर घेतलं.

वरात मांडवात गेली. आम्ही बाराजण बाहेर एका बंद दुकानाच्या पायऱ्यांपाशी आलो. तात्या नळावर तोंड धूत होता. मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो.

“तात्या, पाहुणे उशिरा आले. मी...”

“झालं का तुझं?”

“झालं.”

“लोकं किती होती?”

“चारशे असतील.”

“उभी?”

“बरीचशी बसून. खुर्च्यांवर.”

तात्यानं रुमालानं ओठ टिपला. “आन् बोलत नव्हती?”

“नाय. कुणीच नाय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता म्हणेल, उद्यापासून येऊ नको. त्यानं वळून बँडला हाक मारली, “ए, बसा रं खाली समदे. गंग्या, बिडी विझव. कुणी बोलायचं नाय.” आणि स्वतः सगळ्यात खालच्या पायरीवर बसला, हात गुडघ्यांवर ठेवून. “हं. वाजव काय ते.”

मी रस्त्यावर उभा राहून पुन्हा सगळं वाजवलं. अकरा लाल कोट पायऱ्यांवर ओळीनं बसलेले. समोरच्या पानवाल्यानं रेडिओ बंद केला. ऑर्गन नव्हता, भांबळकाका नव्हते, त्यांच्या जागा मी मनात धरून ठेवत होतो. तात्या डोळे मिटून ऐकत होता आणि त्याची बोटं गुडघ्यावर बटणं दाबत होती.

संपल्यावर गंगाराम म्हणाला, “कुठल्या पिच्चरमधलं हाय?”

“पिच्चरमधलं नाय. अडीचशे वर्षांमागचं हाय.”

“एवढी वर्षं पाठ कसं ऱ्हायलं लोकांच्या?”

“पाठ नाय. लिहून ठेवलंय. कागदावर. सगळा सूर लिहिता येतो.”

तात्यानं डोळे उघडले. “सूर लिहिता येतोय?”

“येतोय.”

“आन् तुला वाचता येतोय?”

“नाय.”

“त्या बाई शिकवतील?”

“विचारलं नाय.”

“मग उद्या जाऊन विचार.”

“उद्या भिंगारची ऑर्डर हाय, तात्या.”

“ती संध्याकाळची हाय,” ओठावर रुमाल दाबत तात्या म्हणाला. “तू सकाळी जा.”